चाकातली वीज किती भरवशाची?

मागील अंकात सायकलच्या दिव्यांविषयी लिहिताना पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे आरे जेथे एकत्र येतात त्या मधल्या भागातच, बसवलेल्या डायनॅमोचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच शंकेकडे आहे: अंधारात, पावसात, घरापासून दूर असताना या यंत्रावर विसंबावे का? त्यांपैकी काही पत्रे निवडून त्यांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न: मी २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) पूर्ण केल्या असून आता ६०० किलोमीटरची तयारी करीत आहे. ४० तासांच्या मुदतीत किमान एक पूर्ण रात्र सायकलवर काढावी लागेल. सध्या माझ्याकडे चार्जिंगचे दोन दिवे आहेत. मित्र डायनॅमो हब सुचवतात. पण तो वाटेत बंद पडला तर कोणालाही दुरुस्त करता येणार नाही, अशी भीती वाटते. शिवाय त्याचे ओझे पायांवर किती पडते? (एक वाचक, पुणे)

उत्तर: तुमच्या भीतीचे मूळ बहुधा जुन्या डायनॅमोत आहे. टायरच्या कडेला टेकणारी ती बाटली आपल्यापैकी अनेकांनी वापरली आहे. ऐन पावसात, म्हणजे दिव्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच, तिची चकती ओल्या रबरावरून घसरायची आणि दिवा मिणमिणायचा. हब डायनॅमोमध्ये घसरण्यासारखे काही नसते. त्याचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, फोर्कमध्ये, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांत, घट्ट धरलेला असतो. एक्सलवर तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याभोवती एकमेकांत गुंतलेल्या बोटांसारखे लोखंडी पंजे बसवलेले असतात, तर बाहेरचे कवच आतून चुंबकांची कडी घेऊन चाकाबरोबर फिरत राहते. चुंबक आणि पंजे यांच्यामध्ये हवेची अरुंद फट असते. ते एकमेकांना शिवत नाहीत. वेटोळे स्वतः स्थिर असल्यामुळे त्याची वीज बाहेर आणायला घासणारे ब्रश लागत नाहीत. झिजणारी वस्तू म्हणून उरतात ती दोन बाजूंची बेअरिंगे, आणि ती तर कोणत्याही साध्या हबमध्येही झिजतातच.

विजेच्या बाजूनेही ही रचना मोठी समजूतदार आहे. या डायनॅमोची नेमलेली क्षमता ६ व्होल्ट आणि ३ वॅट, म्हणजे साधारण अर्धा अँपिअर प्रवाह. घाटातल्या उतारावर वेग तिप्पट झाला तर दिवा जळून जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात वेग वाढला की निर्माण होणारा दाब जितक्या पटीने वाढतो, तितक्याच पटीने उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला वेटोळ्याकडून होणारा विरोधही वाढतो. परिणामी प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास येऊन थांबतो. हा लगाम यंत्राच्या स्वभावातच आहे, त्यासाठी वेगळा भाग लागत नाही आणि जो भाग नाहीच तो बिघडणारही नाही. तारेच्या बल्बांच्या काळात मात्र एक अडचण खरी होती. पुढचा बल्ब २.४ वॅटचा आणि मागचा ०.६ वॅटचा असे. पुढचा उडाला की सगळा प्रवाह मागच्या इवल्याशा बल्बमधून वाहू लागे आणि तोही लगेच उडे. सायकलस्वार एकदम काळोखात सापडे आणि दोष मात्र डायनॅमोच्या माथी येई. एलईडी दिवे आल्यापासून ही तक्रार जवळजवळ संपली आहे, कारण चांगल्या दिव्यात जादा दाब पचवण्याची सोय असते आणि सायकल थांबल्यावर थोडी वीज साठवून काही मिनिटे उजेड टिकवणारा कपॅसिटरही असतो.

आता हब खरोखर कशाने मरतो ते सांगतो. त्याचा पहिला शत्रू पाणी. दुपारच्या उन्हात तापलेला हब अचानक आलेल्या सरीत सापडला की त्याच्या आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरचे पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत ओढले जाते. डायनॅमो हबमध्ये वेटोळ्यासाठी मोठी पोकळी असल्यामुळे हा श्वासोच्छ्वास साध्या हबपेक्षा अधिक होतो. जर्मनीतील ट्यूबिंगन येथील विल्फ्रीड श्मिट यांनी १९९० च्या दशकात बाजारात आणलेला ‘सॉन’ हा हब लांब पल्ल्याच्या स्वारांत एवढा मानला जातो, त्याचे एक मोठे कारण या अडचणीवर त्यांनी काढलेल्या उपायात आहे. एक्सलमधून एक अतिशय बारीक वाट बाहेर काढून त्यांनी हवेला ये-जा करायला स्वतंत्र मार्ग दिला, त्यामुळे बेअरिंगच्या सीलवर ओढ पडत नाही. त्या हबवर पाच वर्षांची हमी मिळते. शिमानोचे डायनॅमो हब त्यामानाने पुष्कळ स्वस्त असतात आणि रोजच्या शहरी वापरात वर्षानुवर्षे निमूटपणे काम करतात. मात्र त्यांची बेअरिंगे संपली की सुट्या दुरुस्तीऐवजी आतला संपूर्ण गाभा बदलण्याची पद्धत आहे. काही हलक्या वजनाच्या हबमध्ये बेअरिंगे दाबून बसवलेली असतात आणि ती कारखान्यातच बदलावी लागतात. आपल्याकडून असा हब परदेशी पाठवून परत येईपर्यंत अख्खा हंगाम निघून जातो, ही गोष्ट विकत घेतानाच विचारात घ्यावी. माझे मत विचाराल तर घर ते कार्यालय एवढाच प्रवास असणाऱ्याने शिमानो घ्यावा, आणि सह्याद्रीच्या पावसात रात्र रात्र चालवणाऱ्याने सीलच्या दर्जासाठी जास्त पैसे मोजावेत.

पायांवरच्या ओझ्याविषयी. चांगल्या हबची कार्यक्षमता साधारण ६० टक्के धरली, तर दिव्याला ३ वॅट देण्यासाठी पायांतून सुमारे ५ वॅट जातात. दिवा बंद असताना हा आकडा एक-दोन वॅटवर येतो. लांबच्या प्रवासात तुम्ही १०० वॅटच्या आसपास ताकद लावत असाल, तर ५ वॅटने वेग दोन टक्क्यांहूनही कमी घटतो. म्हणजे दहा तास सतत दिवा लावून चालवल्यास दहा-बारा मिनिटांचा फरक. रात्री दोन वाजता पॉवर बँक शोधत एखाद्या ढाब्याच्या ओट्यावर बसण्यात याहून अधिक वेळ जातो. बाटलीच्या डायनॅमोत जे जड वाटायचे ते चकतीच्या घर्षणामुळे. त्या आठवणीवरून याचा अंदाज बांधू नये.

हब बसवायचे ठरवलेच तर ६०० च्या आदल्या आठवड्यात बसवू नका. चाक नव्याने गुंफले जाते, त्यामुळे आऱ्यांचा ताण बसायला काही शे किलोमीटर जावे लागतात. शिवाय तारांची मांडणी कोठे कच्ची आहे हे एखादी रात्र पावसात काढल्याशिवाय कळत नाही. आणि तुमचा चार्जिंगचा एक दिवा पिशवीत राहू द्या. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिससारख्या १२०० किलोमीटरच्या स्पर्धाविरहित राइडमध्ये, जिची मुदत ९० तासांपर्यंत असते, डायनॅमो लावलेले अनुभवी स्वारही जोडीला लहानसा दिवा बाळगतात. तो पंक्चर काढताना हातात धरायलाही लागतो.

प्रश्न: नवीन डायनॅमो हब हातात घेऊन एक्सल बोटांनी फिरवला तर तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो की बेअरिंग खराब आहे, माल परत करा. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: माल परत करू नका. तुमच्या मेकॅनिकने आजवर साधे हब पाहिले असतील, त्यामुळे त्याचा गैरसमज समजण्यासारखा आहे. चुंबकाचा प्रत्येक ध्रुव लोखंडी पंजासमोर आला की तेथे रेंगाळू पाहतो, म्हणून बोटांना ते अडखळणे जाणवते. प्रत्येक टप्प्यात आधी जेवढा विरोध होतो जवळजवळ तेवढीच पुढची ओढ मिळते, आणि चाक सायकलला लागून फिरू लागले की हे काहीच कळत नाही. खराब बेअरिंग ओळखण्याची खूण निराळी आहे. चाक फोर्कमध्ये बसवा, रिम दोन्ही हातांनी धरून आडवी हलवा. खडखड जाणवली किंवा फिरवताना वाळू दळल्यासारखा खरखर आवाज आला, तर बेअरिंगकडे पाहावे. चुंबकाचे अडखळणे अगदी समान अंतरावर आणि निःशब्द असते.

प्रश्न: तीन वर्षांपासून डायनॅमो हब वापरतो. गेल्या पावसाळ्यापासून दोन-तीन तास भिजल्यावर दिवा बंद पडतो आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर पुन्हा लागतो. हब गेला असे समजावे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: वाळल्यावर दिवा लागतो, याच वाक्यात तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. वेटोळ्याची तार तुटली असती तर ती वाळल्याने जुळली नसती. आजवर माझ्याकडे ‘डायनॅमो मेला’ म्हणून आलेल्या सायकलींपैकी बहुतेकींत हब ठणठणीत निघाला आणि दोष तारेत, जोडणीत किंवा दिव्यात सापडला.

तुमच्याच भागातला माझा एक अनुभव सांगतो. ऑगस्टमध्ये कुंभार्ली घाट रात्री उतरताना माझा दिवा आधी लुकलुकला आणि एका वळणावर पूर्ण विझला. डोक्याला लावलेल्या लहान दिव्याच्या उजेडात चालत चालत खाली आलो. दुसऱ्या दिवशी हबजवळची प्लग उघडली तेव्हा पितळी पातीवर हिरवट पूड साचलेली दिसली. ती खरवडून पुन्हा जोडली तरी दिवा लागेना. मग तार बोटांत धरून हलके ओढली, तर वरचे प्लास्टिक लांबले आणि आतले काही मागे आलेच नाही. प्लास्टिक सोलून पाहिले: जवळजवळ बोटभर लांबीत तांबे काळे पडून त्याचा भुगा झाला होता. पाणी प्लगच्या तोंडातून शिरून तारेच्या आतून वर चढले होते, आणि बाहेरून तार नवी दिसत होती. हबला काहीही झालेले नव्हते. तो आजही त्याच सायकलवर आहे.

तेव्हा तपासणीचा क्रम असा ठेवा. सर्वप्रथम मागच्या दिव्याची तार पुढच्या दिव्यापासून सोडवा. ही तार मडगार्डखालून किंवा फ्रेमच्या कडेने जाते, तेथे घासून तिचे कवच फाटते आणि पाणी लागले की तिचे दोन पदर एकमेकांना जोडले जातात; मग सगळा प्रवाह तेथूनच परततो आणि पुढचाही दिवा विझतो. ती सोडवल्यावर पुढचा दिवा लागला, तर शोध संपला. न लागल्यास हबवरची प्लग काढा आणि चाक हवेत उचलून फिरवा. मग हबमधून वीज बाहेर येते त्या दोन टोकांना तारेचा लहानसा तुकडा लावून ती एकमेकांना जोडा आणि चाक पुन्हा फिरवा. टोके जोडल्यावर चाक स्पष्टपणे जड लागले आणि लवकर थांबले, तर हब वीज निर्माण करतो आहे हे निश्चित समजावे. (असे जोडल्याने हबला इजा होत नाही, प्रवाह स्वतःहून मर्यादित राहतो हे वर आलेच आहे.) दोन्ही वेळा चाक सारखेच फिरले, तर मात्र वेटोळ्याचा मार्ग आत कोठेतरी तुटलेला आहे. मल्टिमीटर असेल तर दोन टोकांमधला रोध मोजा. धडधाकट वेटोळ्यात तो मोजक्या ओहमांचा असतो. हब निर्दोष ठरला की जुना ६ व्होल्टचा बल्ब आधी हबपाशी आणि नंतर तारेच्या दिव्याकडच्या टोकाला लावून पाहा. कोठपर्यंत वीज पोहोचते ते तेवढ्यात कळते.

तार नव्याने घालताना चार पैसे जास्त घालवून दोन पदरी तार घ्या. परतीच्या मार्गासाठी फ्रेमवर विसंबण्याची जुनी पद्धत कोकणच्या हवेत टिकत नाही, कारण रंग आणि गंज दोन्ही वीज अडवतात. जोडणीवर उष्णतेने आकसणारी नळी चढवा आणि पातींना पेट्रोलियम जेलीचा हात द्या. तार प्लगमध्ये वरून सरळ उतरवू नका. आधी खाली लोंबता वळसा देऊन मग वर आणा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जाते. फोर्कच्या मागच्या बाजूने तार बांधली की झाडाझुडपांत अडकत नाही. आणि सर्व्हिस सेंटरवाल्याला बजावून सांगा की जोराच्या पाण्याचा फवारा हबवर मारायचा नाही. आपल्याकडे मोटारसायकल धुण्याच्या त्याच नळीने सायकली धुतल्या जातात, आणि कोणताही सील तो मारा सोसण्यासाठी बनवलेला नसतो.

प्रश्न: आजोबांची इंग्लंडमध्ये बनलेली रॅले सायकल माळ्यावर सापडली. पुढच्या चाकाचा हब डब्यासारखा मोठा असून त्यावर ‘स्टर्मी-आर्चर डायनोहब’ असे कोरलेले आहे. तो उघडून साफ करावा का? दिवा पुन्हा लागेल का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर: कृपा करून अजून काहीही उघडू नका, आधी हे उत्तर शेवटपर्यंत वाचा. तुमच्या हाती आलेली वस्तू मोलाची आहे. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे हब बनवायला सुरुवात केली. सुरुवातीचा नमुना १२ व्होल्टचा होता, पुढे ८ आणि मग ६ व्होल्टचे हब आले, आणि ६ व्होल्टचा, २ वॅटचा हब १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिला. हब डायनॅमो टिकतो का, या प्रश्नाला याहून बोलका पुरावा मला माहीत नाही: पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कितीतरी डायनोहब आजही वीज देतात.

उघडू नका म्हणतो त्याचे कारण त्याच्या चुंबकात आहे. त्या काळचे चुंबक ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे असत. वीस ध्रुवांची ही कडी आणि तिच्या आतला वेटोळ्याचा गाभा यांची जोडी फुटली, म्हणजे गाभा बाहेर काढला आणि त्याच्या जागी लगेच लोखंडी कडे बसवले नाही, तर चुंबकाचा जोर तेथल्या तेथे पुष्कळसा ओसरतो. तो पुन्हा भरून आणणे साध्या कारागिराच्या हातचे काम नाही. अनेक डायनोहब वापराने मेले नाहीत, ते कौतुकाने उघडून पाहणाऱ्यांच्या हातून मेले. छर्ऱ्यांना ग्रीस द्यायचे असेल तर चुंबक आणि गाभा एकत्र ठेवूनच हब सोडवायचा असतो. हे काम जुन्या इंग्रजी हबची माहिती असणाऱ्याच्या हातीच द्या, आणि काम सुरू होण्याआधी चुंबकाची गोष्ट त्याला माहीत आहे ना, हे विचारून घ्या.

तोवर एवढे करा. चाकात हवा भरा, बाहेरच्या दोन टोकांवरचा गंज बारीक सँडपेपरने घासा, त्यांना ६ व्होल्टचा लहान बल्ब जोडा आणि चाक जोरात फिरवा. बल्ब लुकलुकला तर आजोबांचा डायनॅमो जिवंत आहे. लुकलुकण्याने घाबरू नका. चाकाच्या एका फेऱ्यात विजेची दहाच आवर्तने होतात, त्यामुळे सावकाश फिरताना बल्बची तार त्याच्या दुप्पट वेळा मंद-तेज होताना डोळ्यांना दिसते. आजचा डायनॅमोवर चालणारा एलईडी दिवा या हबवर लागतो. डायनोहबची क्षमता कमी असल्याने उजेड पूर्ण मिळणार नाही, तरी त्या काळच्या बल्बपेक्षा तो पुष्कळ चांगला असेल. सीटखालच्या नळीला जोडलेली एक लांब धातूची नळी दिसली, तर तीही जपून ठेवा. तिच्यात कोरडे सेल भरलेले असत आणि सायकल थांबली की दिवा त्यांच्यावर चाले.

याच सायकलमध्ये नवा डायनॅमो हब घालण्याचा विचार कोणी सुचवलाच, तर दोन अडचणी ध्यानात घ्या. आजचे हब साधारणपणे १०० मिलिमीटर रुंदीच्या फोर्कसाठी असतात आणि तुमचा फोर्क त्याहून अरुंद आहे; तो फाकवून बसवण्याची घाई करू नये. शिवाय पुढे ३२ आणि मागे ४० आरे ही जुनी इंग्रजी पद्धत असल्याने हबची भोके रिमशी जुळतात की नाही ते मोजूनच घ्यावे लागते. माझ्या मते या सायकलला तिचाच हब शोभतो.

प्रश्न: नोकरीनिमित्त श्टुटगार्टला राहते. येथील सायकलींवर डायनॅमो हब सर्रास दिसतात. तो कायद्याने सक्तीचा आहे का? आणि भारतातून आणलेला दिवा त्यावर चालेल का? (एक वाचिका, जर्मनी)

उत्तर: पूर्वी सक्ती होती. ११ किलोपर्यंतच्या रेसिंग सायकली वगळता डायनॅमो हवाच, असा तेथील नियम ऑगस्ट २०१३ मध्ये शिथिल झाला आणि बॅटरीच्या दिव्यांनाही परवानगी मिळाली. तरी हब सर्वत्र दिसतात, कारण हिवाळ्यात कामावर जाताना आणि परतताना दोन्ही वेळा अंधार असतो आणि रोजच्या चार्जिंगची कटकट कोणालाच नको असते. दिवा मात्र तेथे मान्यता असलेलाच लागतो. त्यावर नागमोडी रेघ, के हे अक्षर आणि क्रमांक अशी खूण छापलेली असते. भारतातून नेलेल्या दिव्यावर ती नसेल तर विजेच्या दृष्टीने तो चालला तरी नियमात बसणार नाही. तुमच्या हबला धोका तेथल्या हिवाळी रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाचा आहे. महिन्यातून एकदा प्लग काढून पुसत जा.

प्रश्न: डायनॅमो हबवर मोबाइल चार्ज होतो असे ऐकले. त्यामुळे हब लवकर खराब होतो का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: हबला त्याने काहीही होत नाही; त्याच्या दृष्टीने दिवा काय आणि मोबाइल काय, दोन्ही सारखेच. अडचण सातत्याची आहे. वेग ताशी १५ किलोमीटरच्या खाली गेला की मोबाइलला पुरेशी वीज मिळत नाही, चार्जिंग तुटते, पुन्हा सुरू होते, आणि या तुटण्या-जुळण्यात काही फोन चार्ज होण्याऐवजी अधिकच उतरतात, कारण प्रत्येक वेळी त्यांचा पडदा उजळतो. म्हणून मध्ये लहानशी पॉवर बँक ठेवावी. हबने ती भरावी आणि फोन तिच्यावर चालावा. चालता चालता वीज देणारी आणि घेणारी अशी दोन्ही कामे ती एकाच वेळी करते का, हे घेतानाच तपासा. रात्री दिवा आणि चार्जर एकदम लावू नका. दोघेही अर्धपोटी राहतात. विदर्भातल्या सपाट रस्त्यांवर दिवसभर २० च्या वेगाने जाणाऱ्याला ही सोय खरोखर उपयोगी पडते, घाटात मात्र तिची फारशी आशा ठेवू नये.

प्रश्न: पुढच्या चाकाचे पंक्चर काढायला सायकल दुकानात दिली. परत मिळाल्यापासून दिवा लागत नाही. पंक्चरवाला म्हणतो, त्याने फक्त नट सोडवून पुन्हा आवळले. मी कोणती तपासणी करावी, आणि तार तुटली असेल तर हब फेकून द्यावा लागेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: चिपळूणच्या वाचकांना सांगितलेली टोके जोडून चाक फिरवण्याची तपासणी आधी करा. चाक जड झाले तर नशीब समजा. प्लग उलटी किंवा अर्धवट बसली असेल, किंवा तारेचे सुटे केस एकमेकांना टेकले असतील. चाकात काहीच फरक पडला नाही, तर हबच्या दुसऱ्या शत्रूने, म्हणजे पिळाने, डाव साधला आहे. वेटोळ्यापासून निघालेली केसासारखी बारीक तार एक्सलमधल्या खाचेतून बाहेरच्या टोकापर्यंत येते. चाक काढताना सर्वांत बाहेरचा नट सोडवावा लागतो, तो सोडवायलाही हरकत नाही; पण त्याच्या आतला, कोन (बेअरिंगचे छर्रे जागेवर धरणारा शंकूसारखा भाग) अडवून धरणारा नट त्या बाजूने फिरवला की त्याच्याबरोबर टोकाचा भाग फिरतो आणि तार पिळून तुटते. पंक्चरवाल्याचा यात हेतू वाईट नसतो. साध्या हबमध्ये कोन जरा ढिले वाटले की आवळून देणे ही तो आपली चांगुलपणाची जबाबदारी मानतो.

तार टोकाच्या अगदी जवळ तुटली असेल तर बारीक कामाची सवय असलेला, मोटारींचे वाइंडिंग करणारा कारागीर ती डाग देऊन जोडू शकतो, आणि असे जोडलेले हब चालताना मी पाहिले आहेत. खाचेच्या आत खोल तुटली असेल तर शिमानोच्या हबमध्ये आतला गाभा बदलून मिळतो का याची चौकशी करा. तसे झाले तर कवच, आरे आणि रिम तशीच राहतात आणि चाक पुन्हा गुंफण्याचा खर्च वाचतो. गाभा मिळालाच नाही, तरी चाक साधे चाक म्हणून वापरता येते. बेअरिंगे शाबूत आहेत तोवर ते फेकण्याचे कारण नाही.

पुढच्या खेपेस चाक स्वतः काढून दुकानात न्या. काढण्याआधी प्लग सरळ बाहेर ओढून सोडवा, तारेला धरून ओढू नका. चाक परत बसवताना टोके आधी ज्या बाजूला होती त्याच बाजूला यायला हवीत, आणि नट आवळताना टोकांचा भाग फोर्कच्या समांतर सरळ उभा आहे हे पाहत पाहत पाना फिरवा. एका हाताने तो भाग धरून ठेवलात तर अधिक बरे. दुकानात चाक द्यावेच लागले, तर तार निघते त्या बाजूच्या आतल्या नटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि ‘याला हात लावू नका’ असे तोंडी सांगा. ठिपक्याची रेघ नट आणि एक्सल या दोहोंवर मिळून ओढलीत, तर चाक परत घेताना ती जुळते का एवढे पाहणे पुरते.